जमिनीच्या अंगातली कणकण

फाटकाशी चपला काढायच्या, कमरेतून वाकायचं आणि उजव्या हाताची पालथी बाजू जमिनीला लावायची. लहान मुलाच्या कपाळाला लावतात तशी. मग डोळे बारीक करून निदान सांगायचं, "आज बरी हाय." नाहीतर, "आज हिच्या अंगात कणकण हाय, बाई."

हिच्या म्हणजे जमिनीच्या. आणि बाई म्हणजे मी. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा मला बाई म्हणत असावं.

ही रीत मावशींची. त्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या. नगरचं आता अहिल्यानगर झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडातून अजून नगरच निघतं, तर त्या नगरात सावेडीच्या बाजूच्या आमच्या वसाहतीत असं एक घर नव्हतं, जिथलं मूल मावशींच्या पायांवर न्हायलं नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल हे न्हाऊ घालणं. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब सोडायचे, नडगीवर बाळ पालथं घ्यायचं आणि तेल जिरवून वर कढत पाणी ओतायचं. पाणी किती कढत हे मावशी हाताने बघत नसत. पहिला तांब्या स्वतःच्या पायावर ओतायच्या. "माझ्या पायाला सोसलं तर लेकराला सोसतं," म्हणायच्या. त्यांच्या पायांना जे कळायचं ते मला पुस्तकं वाचूनही कळलं नाही, हे कबूल करायला मला म्हातारं व्हावं लागलं.

बाळंतिणीच्या खोलीत बाहेरची धूळ न्यायची नाही, हा त्यांचा नेम. चपला फाटकाबाहेर. तिथून अनवाणी दारापर्यंत, दाराशी नळाखाली पाय धुवायचे, मग आत. आमचं फाटक ते दार पंधरा-वीस पावलं. माझी मनू पौषात जन्मली तेव्हा तिथे मातीचं अंगण होतं आणि आमच्या ह्यांनी लावलेला कडुलिंब होता. मावशी सव्वा महिना त्या गार मातीवरून अनवाणी आल्या. बाजेखाली शेगडी ठेवून मला शेक दिला, ओवा टाकून बाळाला धुरी दिली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, बी.एड. झालेली, नाकाचा शेंडा आभाळात. "मावशी, जमिनीला कसला ताप? तापमान असतं तिला," असं मी त्यांना समजावलं होतं. मावशींनी बाळाच्या टाळूत तेल जिरवता जिरवता "बरं बरं" म्हटलं. मलाही त्या बहुधा बाळांतच मोजत असाव्यात.

त्या तरुण बाईचं मला आता हसू येतं. पण तिच्यापेक्षा अठ्ठावन्न वर्षांची झालेली बाई जास्त मूर्ख निघाली. तिची गोष्ट सांगते.

हे गेले, मी निवृत्त झाले. वेळ रिकामा आणि हातात झाडू. कडुलिंबाची पानं, काड्या, लिंबोळ्या, वर बसणाऱ्या कावळ्यांचा कारभार. रोज दोनदा झाडायचं आणि रोज दोनदा चिडायचं. पावसाळ्यात चिखल. समोरच्या घरी तेव्हा नवे सिमेंटचे ब्लॉक बसले होते, लाल-करड्या नक्षीचे. मला तेच हवे झाले. मिस्त्री म्हणाला, झाडाची मुळं ब्लॉक उचलतात. म्हणून आधी झाड गेलं. मग माती गेली. मग "गाडीवर ऊन नको" म्हणून पुढे पत्र्याची शेड आली. ज्या सावलीत गाडी फुकट उभी होती ती तोडून मी पत्र्याची सावली केली, आणि शेजारणींना बोलावून चहा पाजला. अंगण कसं ताटासारखं लख्ख! पुढच्या दोन वर्षांत सगळ्या गल्लीने माझं पाहून तसंच केलं. शेवटी रस्ताही काँक्रीटचा झाला. मी मिरवायचे, सुरुवात माझ्यापासून झाली म्हणून. तेवढं मात्र खरं होतं.

मावशी शेजारच्या नातवाला न्हाऊ घालायला आल्या होत्या, तशा डोकावल्या. वाकल्या. हात टेकवला आणि लगेच उचलला.

"लिंब काडला व्हय?"

"काढला बाई एकदाचा. आता कचरा नाही, चिखल नाही."

"चिखल म्हंजे काय? घाम त्यो तिचा." मावशींनी ब्लॉकवर बोटाने टकटक केलं. "मानसाला घाम आला की ताप उतरतो. हिचा घाम तुमी बंद केला. वरचं पांगरून बी काडून घेतलं. आता चडंल न्हाई तर काय व्हईल?"

मी हसले. तशा त्यांनी माझं मनगट धरलं. दिवस मावळून गेला होता, पाखरं घरी गेली होती, दिवे लागत होते. त्यांनी माझा हात पालथा करून ब्लॉकला लावला. कोमट नव्हे, चांगला गरम. कंपाउंडची भिंत गरम. रस्ता गरम. उतरलेल्या तव्यासारखं सगळं आतल्या आत धुमसत होतं. मग हाताला धरूनच त्यांनी मला गल्लीच्या टोकाला नेलं. तिथे एक मळा उरला होता, त्यात घासाचे वाफे आणि विहिरीजवळ एक जुना आंबा. मळ्याच्या पलीकडेच मावशींची खोली. घास म्हणजे जनावरांचा हिरवा चारा, आठवड्याला पाणी पिणारा. वाफ्यात माझा हात टेकवला आणि मला एकदम हुडहुडल्यासारखं झालं. गल्लीपासून शंभर पावलं नसतील, पण हवासुद्धा निराळी होती.

मग मी काय केलं असेल? मी भूगोल शिकवला! मळ्याच्या बांधावर उभी राहून मावशींना सांगितलं की दगड आणि सिमेंट दिवसभर ऊन पिऊन ठेवतात आणि सूर्य बुडाल्यावर हळूहळू बाहेर सोडतात, माती आणि झाडं पाणी हवेत सोडतात म्हणून गारवा राहतो, आणि म्हणूनच शहर रात्रीसुद्धा निवत नाही. पाठ छान झाला. मावशींनी पदराने तोंड पुसत सगळा ऐकून घेतला.

"आन हे तुमाला आदीपास्नं ठाऊक हुतं?"

"अहो, तीस वर्षं शिकवलंय."

"मंग घातले कशाला बिलाक?"

मी म्हटलं, "चहा घेता का?"

गेल्याच्या गेल्या वर्षी मनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. वैशाखात मुलगी झाली. मावशी सत्तरीपुढच्या, साखरेचं दुखणं लागलेल्या, बाकीची घरं त्यांनी सोडली होती. पण मनूचं बाळ म्हटल्यावर आल्या. मनूला त्यांनीच पायावर घेतलं होतं ना! मी मायलेकींना वरच्या मजल्यावरची नवी खोली दिली, लागूनच न्हाणीघर होतं म्हणून. आणि माळ्यावरून जुनी लोखंडी शेगडी काढून घासून ठेवली.

"हे कशाला?" मावशींनी शेगडी पायाने बाजूला सारली.

"शेक नको का? मला दिलात की सव्वा महिना."

"तवा पूस हुता, बाई. खाली वली माती हुती, वर लिंब हुता. आता बगा की, वर सलाब पेटलाय, खाली बिलाक पेटल्यात, मदी लेकरू. आवं घरच शेगडी झालंय. तिच्यात निकारं कशापायी घालता?"

जिने आयुष्यभर शेगड्या पेटवल्या तीच नको म्हणते, हे मला विपरीत वाटलं. पण शेगडी मी ठेवून दिली. बाकीचं मात्र सोडलं नाही. कानाला टोपरं, अंगात दोन झबली, वरून दुपट्याची घट्ट मोट. खिडक्या बंद, बाळाला वारं लागू नये म्हणून. मला असंच केलं होतं, माझ्या आईला असंच केलं होतं. आम्ही सगळ्या जगलो होतो, हा माझा पुरावा. आम्ही कुठल्या घरांत आणि कुठल्या मातीवर जगलो होतो, ते मी पुराव्यातून गाळलं होतं.

बाळ बारा दिवसांचं व्हायला एक दिवस बाकी होता. बारशाची तयारी चाललेली, नाव ठरायचं होतं. त्या सकाळी वीज गेलेली होती. सात वाजता मावशी फाटकाशी वाकल्या आणि हात टेकवून तशाच राहिल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी पायरीवर उभी होते. उठल्या तेव्हा तोंडावर हसू नव्हतं.

"ह्ये कणकण न्हाई, बाई. ताप हाय. रातीचा उतरलाच न्हाई."

"उन्हाळाच आहे, मावशी."

"सकाळी सातला ताप म्हंजे दुपारच्याला काय व्हईल? पोरीला वर ठिऊ नका. खालच्या खोलीत आना. उत्तरंची खिडकी उगडा. अंगावरचं काडा सारं. आयकता का?"

"हो हो," मी म्हटलं.

आणि मी आणलं नाही. का नाही आणलं, ते सांगायची मला लाज वाटते, म्हणून सांगतेच. खालच्या खोलीतल्या पलंगावर मी कुरडया आणि पापड पसरून ठेवले होते. उचलले तर मोडतील. संध्याकाळी उचलू म्हटलं.

दुपारी वीज आलीच नाही. मनू घामाने भिजून अर्धवट झोपेत होती. बाळ अकरापासून निपचित झोपलेलं. दूध मागायला उठलं नाही की रडलं नाही. मी बहिणीला फोन करून सांगितलं, "इतकं गुणी बाळ आहे म्हणून सांगू, आवाज नाही!" ते वाक्य आजही माझी पाठ सोडत नाही. खरं सांगते, लहानपणी मी पालीला भ्यायचे, पुढे हेडबाईंना. पण भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी तीन वाजता कळलं.

तीनच्या सुमाराला फाटक वाजलं. मावशी दुपारच्या कधी येत नसत. सवयीने त्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या, पण वाकल्या नाहीत. तापलेल्या ब्लॉकवरून त्या जवळजवळ पळत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाय न धुता आत शिरल्या आणि कठडा धरत जिना चढल्या. मी मागून म्हणत होते, "अहो, झोपलंय ते."

त्यांनी पालथा हात बाळाच्या गालाला लावला.

"झोपलं न्हाई हे, बाई." आवाज बदललेला होता. "पोरगी पेटलीया."

दुपटं सोडलं, टोपरं ओढून काढलं, झबली काढली. आत ते इवलंसं अंग लालभडक, कोरडं, वाळल्यासारखं. मान एका बाजूला कलली. मनूने एकदाच "आई!" म्हटलं. मी उभी होते. मी फक्त उभी होते. तीस वर्षं चाळीस-चाळीस पोरींना गप्प बसवणारी मी.

"बाई! रिक्षाला फोन लावा! मनू, ऊठ, चाल माज्यासंगं!" मावशींनी माठातल्या साध्या पाण्यात पदर बुडवला, बाळाचं अंग पुसलं आणि तसंच त्याला ओल्या पदरात घेऊन जिना उतरल्या.

रिक्षावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आजी, जरा ऊन उतरू द्या की." दुसऱ्याला लावला. तो म्हणाला, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं त्या घरात बाळ ठेवायचं नव्हतं. मावशींना ते न सांगता कळलं होतं. "त्येला मळ्यापाशी बोलवा," म्हणाल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. चपला तिथेच होत्या, एकीवर एक. त्यांनी पाहिल्यासुद्धा नाहीत.

गल्ली मी तशी कधी पाहिली नव्हती. एक झाड नाही, एक माणूस नाही. दोन्हीकडे भिंती, पत्रे, खाली पांढरा रस्ता, आणि सगळीकडून तोंडावर येणारी धग. माझ्या चपलेच्या तळव्यातून चटका लागत होता. पुढे मावशी चालल्या होत्या, बाळावर वाकून, त्याला स्वतःची सावली देत. आणि अनवाणी. मी मागून हे सगळं पाहत होते, आणि एकेका घराचे ब्लॉक मला ओळखू येत होते. हे माझं पाहून यांनी घातले. ते माझं पाहून त्यांनी.

आंब्याखाली पोचलो आणि श्वास घेता आला. मनूला बांधावर बसवलं. मावशींनी पाटाच्या पाण्यात कापड भिजवून बाळाचं अंग पुन्हा पुन्हा पुसलं, हातपाय, काखा, टाळू. "पी माजे बाय," त्या म्हणत होत्या. "येकडाव तोंड लाव. तुज्या आईनं आसं केलं न्हवतं. पी." बाळाने तोंड लावलं, सोडलं. पुन्हा लावलं. एक बारीक, फाटका आवाज काढला. रडणं ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात रिक्षा आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मनूच्याच वयाच्या. "आजी, अंगावर किती कपडे होते?" त्यांनी विचारलं. मी मोजून सांगितले. त्या म्हणाल्या, "आणखी तासभर तसंच राहिलं असतं ना..." आणि वाक्य पुरं न करता आत गेल्या. ते त्यांनी पुरं करायला हवं होतं. आता ते मी रोज पुरं करते.

बाहेरच्या पांढऱ्या फरशीवर दारापासून बाकापर्यंत ओलसर, लालसर ठसे उमटले होते. मी म्हटलं, कुणाचे हे? नर्स म्हणाली, "ह्या आजींचे." मावशी बाकावर पाय अधांतरी धरून बसल्या होत्या. दोन्ही तळव्यांची कातडी सोलवटली होती.

"मावशी! तुमचे पाय!"

"ऱ्हाऊ द्या वो. पोरीनं लघवी केली का, त्ये इचारा आदी."

दिवेलागणीला मनू दारात आली. "मावशी, केली. लंगोट ओला केला तिने." तेव्हा कुठे मावशींनी डोळे मिटले. "उतरंल आता," म्हणाल्या. "पानी सुटलं म्हंजे उतरंल."

बाळाचा उतरला. चौथ्या दिवशी ते घरी आलं, खालच्या खोलीत, उघड्या अंगाने, उत्तरेच्या खिडकीशी. कुरडया मी कुणाला देऊन टाकल्या ते आठवत नाही.

मावशींचे पाय मात्र बरे होईनात. साखरेच्या अंगाला जखम लवकर भरत नाही. मी दवाखाने केले, मलमपट्ट्या केल्या, रोज त्यांच्या खोलीवर जाऊन बसले. त्यांना पाय लांब करून बसता येईना, म्हणजे त्यांचं काम संपलं. श्रावणात त्यांचा मुलगा पारनेरहून आला आणि त्यांना गावी घेऊन गेला. निघताना मला म्हणाल्या, "रडताय कशाला? आमच्या तितं माती हाय, बाई. पायाला बरं वाटंल." चपला माझ्याकडेच राहिल्या. त्यांत आता पाय मावत नव्हते.

त्या गावी गेल्यावर मी पहार घेतली. वयाला न शोभणारं काम, शेजारणी खिडकीतून बघत होत्या. फाटकापासून दारापर्यंत ब्लॉकची एक ओळ उचकटली, दीड हात रुंद. खालची खडी काढली, माती भरली, कडेला कडुलिंबाचं रोप लावलं. बाकीचे ब्लॉक माणसं लावून काढले. मग गल्लीत घरोघर गेले, तुम्हीही काढा म्हणून. घालताना माझं ऐकणारे लोक काढताना म्हणाले, "बाई, तुमचं वय झालं."

मावशी दर संध्याकाळी मुलाला मला फोन लावायला लावायच्या. बाळाची चौकशी एका वाक्यात, मग दुसरी. "बाई, अंगनात हात लावला का? उतरला का हिचा ताप?"

थंडीत खरंच उतरला होता. पण त्याआधी, आश्विनातल्या त्या भाजणाऱ्या दिवसांत, मी संध्याकाळी गुडघे धरत वाकायचे, हात टेकवायचे, आणि माझी ओलवलेली मातीसुद्धा कोमट लागायची. चारही बाजूंनी गल्ली तापलेली. तेवढंसं माझं अंगण काय करणार? तरी मी फोनवर म्हणायचे, "उतरला हो मावशी, अगदी गार आहे." पोरींना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेली जीभ, पण काय सफाईने बोलायची! पलीकडून मावशी म्हणायच्या, "ब्येस झालं." आणि मी फोन ठेवून मातीवर पुन्हा पाणी शिंपडायचे.

त्याच माघात मावशी गेल्या. मुलाचा फोन आला तेव्हा मी मातीला पाणी घालत होते.

त्यालाही वर्ष होऊन गेलं. आता चैत्र संपत आला आहे. नात दोन वर्षांची होईल, सुट्टीला येते म्हणते मनू. मी तिला "इतक्यात नको" म्हणून टाळते आहे. कारण मळा गेला. आंबा पाडला, घासाच्या वाफ्यांवर खडी पसरली, कोपऱ्यावर प्लॉट विक्रीचा फलक लागला. पुन्हा तशी दुपार आली तर बाळ उचलून पळायचं कुठे, हे मी रोज सकाळी उठल्या उठल्या मनात मोजते. शंभर पावलांत आता काहीच नाही. दोनशेंतही नाही.

काल दिवेलागणीला मी फाटकापाशी गेले. मावशींच्या चपला तिथे भिंतीच्या कडेला ठेवल्या आहेत, मी कुणाला हलवू देत नाही. त्यांच्याशेजारी माझ्या काढल्या. वाकले. हाताची पालथी बाजू मातीला लावली, मग पलीकडे रस्त्याला. बराच वेळ लावून ठेवली.

विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून खरं सांगता आलं.

"न्हाई उतरला, मावशी."

फाटक लावून घेतलं, आणि आत जाऊन मनूला फोन लावला, "इतक्यात नको" का म्हणते ते सांगायला.